घारींच्या रिंगणातला परका पक्षी

पुण्यात राहणाऱ्या माणसाला घार दाखवावी लागत नाही. मंडईच्या छपरावर, मुठेकाठच्या झाडांवर, जिथे जिथे कचरा साठतो त्या प्रत्येक जागी घारी दिवसभर घिरट्या घालत असतात. आणि नेमके म्हणूनच आपण त्यांच्याकडे पाहत नाही. काहीतरी तपकिरी, मोठे, पंख न हलवता गोल फिरताना दिसले की 'घार' असे मनाशी म्हणून आपण मान खाली घालतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. विद्यार्थिमित्रहो, आज तुम्हांला सांगायचे आहे ते, जेव्हा ते बरोबर नसते त्या एखाद्या वेळेविषयी.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मी अकरावीतल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर वेताळ टेकडीवर गेलो होतो. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि वर जुनी दगडखाण आहे. खाणीच्या काठावर बसले म्हणजे घिरट्या घालणारे पक्षी कधी डोक्यावर, कधी डोळ्यांच्या पातळीवर, तर कधी चक्क आपल्या खालून जातात. साडेनऊच्या सुमारास खाणीच्या पलीकडे एक गडद पक्षी वर चढू लागला. सूर्य त्याच्या मागे होता. पंख रुंद, टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली, शेपूट दुभंगलेली नाही. "सर, केवढा मोठा आहे!" असे म्हणत माझ्या विद्यार्थिनीने वहीत तारीख घातली आणि पुढे एक शब्द लिहिला : गिधाड.

तो शब्द वाचून मी क्षणभर काहीच बोललो नाही. माझ्या शाळेच्या दिवसांत, म्हणजे १९९० च्या सुमारास, गिधाड ही काही वहीत लिहून ठेवण्याजोगी गोष्ट नव्हती. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की ती उतरत. पुढे ती दिसेनाशी झाली आणि कितीतरी दिवस कोणाच्या ते लक्षातही आले नाही. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूरला १९८० च्या दशकात गिधाडांची मोजदाद केलेली होती. १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजले तेव्हा संख्या कोसळलेली आढळली. पुढे २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांचा अभ्यास करून कारण शोधले. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. भारतात २००६ मध्ये हे औषध गुरांसाठी बनवण्यावर बंदी आली. परंतु तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे, जी एके काळी सर्वांत जास्त होती, ती शंभरातली नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती. आज आपल्या राज्यात ती पाहायची तर रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावासारख्या मोजक्या जागी जावे लागते.

तेव्हा पुण्याच्या टेकडीवर गिधाड दिसले, हे खरे असेल तर ती बातमी आहे. खोटे असेल तर ते नुकसान आहे, कारण उद्या कोणी या नोंदींवर विसंबून 'गिधाडे परत येत आहेत' असे म्हणेल. भरतपूरच्या जुन्या आकड्यांना किंमत होती, कारण मोजणाऱ्याला आपण काय मोजत आहोत ते ठाऊक होते. आमच्या पक्ष्याने मात्र कोणताही दाखला बरोबर आणलेला नव्हता. त्याला ओळखायचे कसे?

पहिली फसगत आकाराची. 'केवढा मोठा' या उद्गाराला आकाशात काही अर्थ नाही. हात पूर्ण लांब करून अंगठ्याचे नख पाहा. ते डोळ्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर असते. १ मीटर पंखविस्ताराचा पक्षी १०० मीटरवर असेल, तर त्या नखाजवळ तो फक्त ६ मिलिमीटरचा भरेल. आता घारीचा पंखविस्तार सुमारे १.४ मीटर आणि मोठ्या गिधाडाचा २.१ मीटर धरा. १४० मीटरवरची घार आणि २१० मीटरवरचे गिधाड डोळ्याला अगदी सारखीच दिसतात. आपल्याला कळतो तो कोन. अंतर ठाऊक असल्याशिवाय कोनावरून लांबी काढता येत नाही आणि निळ्या आकाशात अंतराची खूण म्हणून काही नसते. ज्ञात आकाराचे दुसरे काहीतरी त्याच्या शेजारी येईल तर गोष्ट वेगळी.

दुसरी फसगत रंगाची, आणि ही अधिक पक्की. पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक पक्षी सुंदर रंगवलेला असतो. पण आकाश पार्श्वभूमीला असताना पक्ष्याची खालची बाजू स्वतःच्याच सावलीत असते. तिच्यावर पडतो तो जमिनीवरून परावर्तित झालेला थोडासा प्रकाश. मागचे आकाश इतके तेजस्वी की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि पिंगट पिसेही काळी दिसू लागतात. कॅमेऱ्याचीही तीच गत होते. हल्ली मुले मोठी भिंगे लावून फोटो काढतात आणि घरी जाऊन पडद्यावर ओळख पटवतात. फोटो पुरावा म्हणून उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात पक्षी कसा उडतो ते दिसत नाही, आणि मला विचाराल तर अर्धी ओळख तिथेच असते.

मग पाहायचे काय? पंखांची घडण. पक्ष्याचा पंख हे त्याच्या पोटापाण्याच्या प्रश्नाचे उत्तर असते, म्हणून ते उत्तर वाचून प्रश्न ओळखता येतो. बहिरी ससाण्याचे पंख लांब, अरुंद आणि टोकदार, कोयत्यासारखे. त्याला उडता पक्षी हवेतच पकडायचा असतो. पंख मिटून तो सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, शेपूट लांब. झाडांच्या फांद्यांमधून झपाट्याने वळायचे तर लांब पंख अडचणीचेच. भोवत्याला गवतावरून संथ, खालून उडत उंदीर हुडकायचे असतात, म्हणून लांब पंख आणि ते इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे किंचित वर धरलेले. आणि गिधाड, गरुड, घार यांना तासन् तास फुकटात तरंगायचे असते, म्हणून त्यांना मोठे रुंद पंख.

हे फुकट तरंगणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. सकाळी ऊन चढले की खाणीचा उघडा खडक आजूबाजूच्या झाडीपेक्षा लवकर तापतो. त्याला टेकलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते. अशा चढत्या हवेच्या स्तंभाला ग्लायडर उडवणारे 'थर्मल' म्हणतात. (हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून उडणारी बिनइंजिनाची विमाने जुन्या पुणेकरांना आठवत असतील. त्यांचे वैमानिक घारी कुठे फिरताहेत ते आधी पाहत, यात नवल नाही.) पक्षी पंख पसरून स्थिर असला तरी हवेच्या मानाने तो सतत खालीच घसरत असतो, समजा सेकंदाला १ मीटर. हवा सेकंदाला २ मीटर वर जात असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला पक्षी सेकंदाला १ मीटर वर चढताना दिसेल. खाली सरकणाऱ्या जिन्यावरून आपण उतरतो तेव्हा वेगांची बेरीज होते, इथे वजाबाकी. अट एवढीच की स्तंभ अरुंद असतो, त्यातून बाहेर पडायचे नाही. म्हणून गोल गोल फिरायचे.

पंखांच्या टोकाची ती फाकलेली बोटे याच कामाची. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. त्यामुळे टोकाशी हवा खालून वर वळसा घेते, भोवरे तयार होतात आणि ते पक्ष्याला मागे ओढतात. लांब पंखांत हा तोटा कमी, पण लांब पंख घेऊन झाडावरून किंवा जमिनीवरून उठणे अवघड. फाकलेल्या पिसांमुळे एका मोठ्या भोवऱ्याऐवजी अनेक लहान भोवरे होतात आणि ओढ घटते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या व्हॅन्स टकर यांनी एका पाळीव शिकारी पक्ष्याला वातबोगद्यात तरंगायला लावून १९९० च्या दशकात हे प्रत्यक्ष मोजून दाखवले. म्हणजे आमच्या पक्ष्याची बोटे पाहून एवढे नक्की झाले की हा तरंगणारा आहे, ससाणा नव्हे. गिधाड, गरुड आणि घार हे तिघेही उरलेच.

आता तुमच्या अभ्यासक्रमातली एक गंमत. वळणावर रस्ता आतल्या बाजूला उतरता का करतात, हे उदाहरण अकरावीत सोडवावे लागते. वळणारा पक्षी तेच करतो. तो पंख एका बाजूला कलवतो. पंखांवरचे वर उचलणारे बल त्याबरोबर कलते. त्या बलाचा उभा घटक वजन तोलतो आणि आडवा घटक अभिकेंद्री बल पुरवतो. दोन्हींचे गुणोत्तर म्हणजे कलाच्या कोनाची टॅन. ती वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या व गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार, एवढी असते. त्रिज्या आपल्याला ठाऊक नाही. पण एका फेरीचा काळ घड्याळावर मोजता येतो, आणि फेरीचा परीघ म्हणजे वेग गुणिले काळ. हे घालून त्रिज्या काढून टाकली की उरते :

वेग = ९.८ × फेरीचा काळ × टॅन (कल) ÷ ६.२८

नीट पाहा, या सूत्रात पक्षी किती दूर आहे याचा कुठे पत्ताच नाही! ज्या अंतराने आपल्याला आकाराच्या बाबतीत फसवले, ते इथे बाजूला राहिले.

माझ्या विद्यार्थ्याने दप्तरातून कंपासपेटी काढली, कोनमापकाला दोरा बांधून खडा लटकवला, आणि पक्षी सरळ आमच्याकडे तोंड करून येई त्या क्षणी पंखांचा कल पाहिला. काही वाचने घेतली. ती २० ते ३० अंशांत पसरली होती, मध्य २५. विद्यार्थिनीने ५ फेऱ्यांचा काळ घेतला : ६० सेकंद, म्हणजे एका फेरीला १२. (फेरी पूर्ण झाली हे जागेवरून ठरवू नका. वाऱ्याबरोबर सगळे रिंगण सरकत असते. पक्ष्याचे तोंड पुन्हा त्याच दिशेला आले की फेरी पूर्ण.) २५ अंशांची टॅन ०.४६६. वेग आला सेकंदाला सुमारे ८.७ मीटर, ताशी ३१ किलोमीटर, आणि रिंगणाची त्रिज्या १७ मीटरच्या आसपास.

या वेगावरून काय कळले? तरंगणाऱ्या पक्ष्याचा वेग त्याच्या पंखांवर दर चौरस मीटरला किती वजन पडते याच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. घार असते पाऊण-एक किलोची, मोठे गिधाड पाच किलोचे. गिधाडाचे पंख मोठे खरे, पण वजनाच्या प्रमाणात नव्हेत. दर चौरस मीटरचा भार ढोबळमानाने घारीच्या अडीच ते तीनपट येतो, आणि म्हणून वेग दीडपटीहून जास्त. घार सेकंदाला ८ मीटरने फिरत असेल तर गिधाडाला १३ च्या आसपास वेग हवा.

विद्यार्थी लगेच म्हणाला, "म्हणजे गिधाड नाही, सिद्ध झाले!" सिद्ध झाले नव्हते. कलात ५ अंशांची चूक धरली तर आमचा वेग ७ पासून ११ पर्यंत कुठेही असू शकत होता. एवढ्या मोठ्या त्रुटीवर मी प्रयोगवहीत सही केली नसती. परंतु गिधाडाची बाजू कमकुवत झाली होती, एवढे म्हणायला हरकत नव्हती.

तिला आणखी एक धक्का घड्याळाने दिला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आग्र्याला अर्नेस्ट हँकिन नावाचे एक इंग्रज जंतुशास्त्रज्ञ होते. गंगेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, हे निरीक्षण १८९६ साली नोंदवणारे ते हेच. फावल्या वेळात ते आकाशाकडे पाहत. कोणता पक्षी सकाळी किती वाजता तरंगू लागतो याची ते नोंद ठेवीत. या निरीक्षणांवर त्यांनी 'ॲनिमल फ्लाइट' हे पुस्तक लिहिले, ते लंडनला १९१३ मध्ये निघाले. त्यांना दिसले असे की हलक्या भाराच्या घारी आधी वर चढतात आणि जड गिधाडे मागाहून, हवा पुरेशी तापल्यावर. डिसेंबरातल्या थंड सकाळी साडेनऊला, थर्मल अजून दुबळे असताना, आमचा पक्षी आरामात वर चढत होता.

एवढ्यात ज्याची वाट पाहत होतो ते झाले. एक घार त्याच स्तंभात शिरली आणि काही फेऱ्या दोघे समोरासमोर फिरले. आमचा 'केवढा मोठा' पक्षी घारीएवढाच होता, किंबहुना जरासा लहानच. विद्यार्थिनी गप्प झाली. मग स्वतःच म्हणाली, "मग घारच असेल. शेपूट तिने पसरली असेल." शंका अगदी योग्य होती. घारीच्या शेपटीला खाच असते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण तिने शेपूट पंख्यासारखी पूर्ण उलगडली की ती खाच बुजते आणि कड सरळ दिसते. पाषाण तलावाकडे दिसणाऱ्या ब्राह्मणी घारीच्या पिल्लाची तर शेपूट गोलसरच असते आणि रंग तपकिरी. नुसत्या शेपटीवर निकाल देऊन पुष्कळ जण फसले आहेत, मीही.

म्हणून शेपटीचा आकार बाजूला ठेवून तिचे वागणे पाहिले. घार शेपूट सतत पिळत असते, सुकाणूसारखी, कधी डावीकडे कधी उजवीकडे. शेजारची घार अगदी तेच करीत होती. आमच्या पक्ष्याची शेपूट फेरीमागून फेरी तशीच स्थिर. घारीचे पंख मनगटाशी वाकलेले, ढिले वाटणारे, याचे सपाट आणि ताठ. मग दोन गोष्टी लागोपाठ दिसल्या. एका वळणावर तो पुरता कलला आणि सूर्याचा प्रकाश पुढून त्याच्या छातीवर पडला. मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पंख अंगाला जुळतात तिथे, दोन पांढरे ठिपके लख्ख चमकले, उतरणाऱ्या विमानाच्या दिव्यांसारखे. नंतर तो खाणीत आमच्या पातळीच्या खाली उतरला आणि त्याची पाठ दिसली. शेपटीच्या मुळाशी फिकट पिसांचा अर्धचंद्र होता. घारीला यातले काहीच नसते.

तो होता बूटेड ईगल, शास्त्रीय नाव हिराएटस पेनाटस. गरुडांमधला हा एक लहान गरुड. पायांवर थेट बोटांपर्यंत पिसे असतात, जणू बूट घातले आहेत, म्हणून हे नाव. दक्षिण युरोपपासून मध्य आशियापर्यंत तो घरटी करतो, आणि हिवाळ्यात आफ्रिकेत व आपल्याकडे उतरतो. त्याची दोन रूपे असतात. फिकट रूपाची खालची बाजू पांढरट आणि उड्डाणपिसे काळी, त्यामुळे ते लगेच ओळखू येते. गडद रूप मात्र घारीच्या गर्दीत सहज मिसळून जाते. आमच्या वाट्याला हेच आले होते. बोनेलीचा गरुड, ज्याला काही जण मोरघार म्हणतात, तो सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही असतो, पण तो याच्याहून बराच मोठा. त्याला वगळायला शेजारची घार पुरेशी होती.

ही नोंद आम्ही संध्याकाळी ई-बर्ड या संकेतस्थळावर घातली. पक्षी अनपेक्षित असला की तिथले परीक्षक पुरावा मागतात. बूटेड ईगल पुण्याला हिवाळ्यात अपेक्षितच असतो. गिधाड लिहिले असते तर प्रश्न आले असते, आणि ते यायलाच हवेत. वहीत विद्यार्थिनी पहिला शब्द खोडरबराने पुसायला निघाली होती. मी तिला तसे करू दिले नाही. प्रयोगवहीत चुकलेले वाचन आपण एका रेघेने खोडतो, पुसत नाही. तसेच तिने केले. त्या पानावर आज 'गिधाड' या शब्दावर एक आडवी रेघ आहे, खाली ५ फेऱ्यांचे सेकंद, कोनांची वाचने, दोन ठिपक्यांचे वेडेवाकडे चित्र, आणि सर्वांत शेवटी 'बूटेड ईगल, गडद रूप'.

तुम्हांला पाहायचा असेल तर ऑक्टोबर ते मार्च या काळात जा. ऊन चढू लागल्यावरचे पहिले दोन तास चांगले. दुर्बीण नसली तरी चालेल, पण घड्याळ, कोनमापक आणि दोरा विसरू नका, आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नका. आम्ही जानेवारीत दोनदा पुन्हा गेलो. पहिल्या खेपेला तो दिसला, घारींच्याच रिंगणात. दुसऱ्या खेपेला दीड तासात फक्त घारी दिसल्या. त्याही मुलांनी मोजून लिहिल्या आहेत : १७.